एक बर्नर, चार कप : सकाळच्या चहा-कॉफीच्या प्रकल्प नोंदी

11 मे 2025, सायन

प्रकल्प कागदावर घेतोय, कारण तोंडी ठरवलेलं आमच्या घरात दोन दिवससुद्धा टिकत नाही. अडचण अशी. शेगडीला बर्नर दोन. त्यातला एक सहाला तव्याखाली जातो तो डबे भरेपर्यंत सुटत नाही. उरलेल्या एकावर चौघांचं सकाळचं पेय. आईला चहा लागतो तो न उकळलेला, झाकून मुरवलेला. मला आलं घालून खळखळ उकळलेला. बायको कॉफीवाली. मुलगी कॉलेजची, तिला सकाळी काय हवंय ते रात्री ठाऊक नसतं.

सायनचा पूल नव्याने बांधायला घेतल्यापासून बायकोची पश्चिमेकडे जाणारी बस वळसा घालून जाते. म्हणजे तिला घरातून वीस मिनिटं आधी निघावं लागतं. ती वीस मिनिटं कुठून तरी काढायची, तर ती शेगडीच्या रांगेतूनच निघतील.

हवंय काय: साडेसहाच्या आत चारही कप तयार, चहा-कॉफीसाठी एकच बर्नर, आणि कुणीही 'आज घेते चालवून' असं म्हणायचं नाही. नवं यंत्र विकत घ्यायचं नाही. विजेची किटली आहे, ती धरू.

18 मे

पाण्यापासून सुरुवात. सोसायटीत सध्या आठवड्यातून दोनदा टँकर येतोय आणि त्या दिवशी आई हमखास म्हणते, चहाला चव नाही. मला हा वयाचा भाग वाटायचा. आज दोन काचेच्या ग्लासांत कोरा चहा केला: एकात काल भरून ठेवलेलं नळाचं पाणी, दुसऱ्यात टँकरचं. पावडर तीच, वेळ तीच. पाच मिनिटांत टँकरच्या ग्लासावर मळकट तवंग धरला. चमच्याने सरकवला तर तडकलेल्या पापुद्र्यासारखे तुकडे झाले. काचेला बाजूने तपकिरी कडं बसलं. नळाच्या ग्लासात जवळपास काही नाही.

कारण सरळ आहे. मुंबईला नळाने येतं ते भातसा, तानसा, वैतरणा वगैरे तलावांचं, म्हणजे पावसाचंच साठवलेलं पाणी, म्हणून बऱ्यापैकी मऊ. टँकरचं बहुधा विहिरीचं किंवा बोअरचं, त्यात कॅल्शियम जास्त. उकळलेल्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली तुरट द्रव्यं हवेशी गाठ पडली की वर हा थर धरतात. त्याच ग्लासात लिंबू पिळलं तर तवंग विरला. लिंबाच्या चहावर तो कधी का दिसत नाही, ते कळलं.

निर्णय: चहाचं पाणी रोज रात्री नळाचं वेगळ्या कळशीत. आईची तक्रार खरी होती. तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग एवढे ग्लास कशाला बुडवलेस? मला विचारायचंस."

25 मे

पावडरीची चाचणी. घरात तीन डबे निघाले: बारीक डस्ट, दाणेदार (सुटा चहा विकणारे ज्याला ममरी म्हणतात ती) आणि मुलीला कुणीतरी भेट दिलेली दार्जिलिंगची पत्ती. चहा चाखण्याची एक आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत आहे, आयएसओ 3103: दर 100 मिलीला 2 ग्रॅम पावडर, उकळतं पाणी, झाकण, सहा मिनिटं. ती चांगला चहा करायची पद्धत नव्हे, दोन चहांची तुलना एकाच मापाने व्हावी म्हणून ठरवलेली आहे. आमच्या चमच्याने सपाट एक चमचा ममरी म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास, हे वजनकाट्यावर पाहून घेतलं.

डस्ट सहा मिनिटांत काळाकुट्ट आणि जिभेला ओढ लावणारा. ममरी तांबूस, भरीव. दार्जिलिंग फिकट, पण नाकाशी कप नेला की काहीतरी वेगळं चाललंय हे कळतं. त्यात दूध घालणं म्हणजे पैठणीची पुसणी करणं. ती पत्ती आता रविवार दुपारसाठी, किटलीचं पाणी मिनिटभर निववून आणि तीन-चार मिनिटांत गाळून.

आपल्या घराघरात चालते ती दाणेदार पावडर सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) पद्धतीची. पानं दातेरी रुळांमधून चिरडत, फाडत, वळवत नेतात. ही यंत्रं 1930 च्या दशकात आसामात आली. बारीक गोळ्या झाल्यामुळे रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, थोड्या पावडरीत जास्त कप होतात आणि वर दूध-साखर घातली तरी चहा दबत नाही. दुधातलं केसीन तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून दुधाचा चहा घशाला मऊ लागतो. डस्टचा चहा दुधाविना पिणं कठीण, ते यामुळेच.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ममरीही समोरासमोर ठेवली. दूध-साखर घातल्यावर डोळे मिटून एकालाही ओळखता आली नाही. दाण्याचा आकार बदलला की मात्र चौघांनाही लगेच कळतं. ब्रँडवरून घरात होणारे वाद यापुढे बंद समजावेत.

1 जून

पाऊस या वर्षी 26 मेलाच मुंबईत टेकला. आल्याचा हंगाम लवकर सुरू.

मुलीने गेल्या आठवड्यात दुधातच आलं किसून पातेलं चढवलं आणि दूध फाटलं. दूध शिळं नव्हतं, पिशवी सकाळचीच. आज नीट पाहिलं. तीन वाट्या घेतल्या. पहिलीत कोमट दूध आणि कच्च्या आल्याचा रस, दुसरीत तेच दूध आणि मिनिटभर उकळलेला रस, तिसरीत नुसतं दूध. पहिल्या वाटीतलं दूध थोड्या वेळात कडेने दाटायला लागलं, मग वाटी तिरकी केली तरी हलेना, कोवळ्या दह्यासारखं बसलं. चमचा घातल्यावर खाली हिरवट पाणी सुटलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटीत दूध दूधच राहिलं.

कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं, झिंजिबेन. ते कोमट दुधात कामाला लागतं, उकळीत मरतं. तेव्हा क्रम पक्का: आधी पाण्यात आलं, त्याला दणकून उकळी, मग पावडर, मग दूध. घाईत दूध-पाणी-आलं एकत्र चढवून 'एकदाच उकळू दे' म्हणायचं नाही.

आलं किसायचं की ठेचायचं, हा वेगळा वाद. किसलेलं गाळणीत अडकतं आणि तिखटपणा जास्त सोडतं. ठेचलेल्याचा वास चांगला येतो. मी ठेचणाऱ्यांतला. सुंठ घातली तर ती आणखी जहाल लागते, आलं वाळताना त्यातलं जिंजेरॉल बदलून शोगाओल होतं आणि ते जास्त झणझणीत. सुंठ चिमूटभरच.

8 जून

आजचा मुद्दा घरातला सर्वात जुना. आईची पद्धत: साखर घालून पाण्याला आधण येऊ द्यायचं, गॅस बंद करायचा, मग पावडर टाकून झाकण. चार मिनिटं कुणी हात लावायचा नाही. दूध वेगळं तापवलेलं, कपात गाळलेल्या चहावर वरून. माझी पद्धत टपरीची: सगळं पातेल्यात, तीनदा वर येऊ द्यायचं, तीनदा खाली बसवायचं.

दोन्ही चहा शेजारी ठेवून प्यायलो. प्रामाणिकपणे सांगायचं तर आईच्या चहाला वास जास्त आहे. पावडर उकळत राहिली की वास वाफेबरोबर सगळ्या घरभर जातो, म्हणजे कपातून जातो. उरतो तो रंग, तुरटपणा आणि उकळून किंचित दाटलेल्या दुधाची गोडी. ती गोडी मला हवीच आहे, तेव्हा माझा चहा चुकीचा नाही, फक्त वेगळा आहे.

पण प्रकल्पाच्या नजरेने बघितलं तर आईची पद्धत बर्नर लवकर मोकळा करते. पाण्याला आधण आलं की शेगडीचं काम संपलं, पुढचं झाकणाखाली होतं. माझ्या पद्धतीत माणूस आणि बर्नर दोन्ही अडकतात, वर पातेलं उतू जातं ते निराळंच.

मग हे करून पाहिलं: दोघांसाठी एकाच पातेल्यात आल्याचं आधण. त्यातलं आईपुरतं पाणी चहाच्या साध्या किटलीत काढून पावडर टाकून झाकलं. आई आल्याला नाही म्हणत नाही, नशीब. उरलेल्यात माझी पावडर, दूध, एकच उकळी, मग झाकून दोन मिनिटं. तीन उकळ्यांची एक झाली, आणि झाकून ठेवल्याने चव फारशी उणी वाटली नाही.

12 जून

आईने किटलीला टोपी शिवली. जुन्या गोधडीचा तुकडा. चहा सात वाजेपर्यंत गरम.

22 जून

कॉफी. वरच्या मजल्यावरच्या मामींना सकाळीच बोलावलं. त्या मूळच्या पालघाटच्या, पण जन्म माटुंग्याचा, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. आमचा स्टीलचा फिल्टर (एकावर एक दोन भांडी, वरच्याच्या तळाला भोकं) त्यांनी उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "अरे, याची अर्धी भोकं बुजली आहेत. कॉफी काय खिडकीतून उतरणार?" चिमट्यात धरून वरच्या भांड्याचा तळ त्यांनी सरळ आचेवर धरला. अडकलेला चोथा जळून धूर निघाला, मग ब्रश आणि पाणी. भोकं लख्ख.

नंतरचं त्यांच्या हाताकडे बघत लिहिलं. वरच्या भांड्यात तीन शीग चमचे पूड. बोटाने सपाट करायची, दाबायची नाही. वर दांड्याची चकती अलगद टेकवायची. विजेच्या किटलीतलं उकळतं पाणी आधी थोडंसंच, फक्त पूड भिजेल एवढं. ती अर्धा मिनिट फुगते, चकती किंचित वर उचलली जाते. मग उरलेलं पाणी, सगळं मिळून छोटा पेला, गोल फिरवत. झाकण. पंधरा-वीस मिनिटं विसरून जायचं. खालच्या भांड्याला कान लावला तर थेंब पडताना ऐकू येतात, आधी टपटप, मग सावकाश. चकती जोरात दाबली किंवा पूड फार बारीक असली की हे थेंबच थांबतात, आणि माणसं फिल्टरला नावं ठेवतात.

खाली उतरलं ते डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, इतकं दाट की कप तिरका केल्यावर कडेला रंग धरून राहतं. कपात त्याचा चौथा हिस्सा, वर नुकतंच उकळलेलं दूध. डिकॉक्शन पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही, कडवट होतं. गरम करायचं काम दुधाचं.

आणि इथेच प्रकल्पाला खिडकी सापडली. या सगळ्यात बर्नर लागतो फक्त दुधाला. पाणी किटलीत. फिल्टर लावून बायको आंघोळीला गेली की येईपर्यंत डिकॉक्शन तयार. मी रात्रीच लावून ठेवायची सूचना केली, तर मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की सूचना तिथेच मागे घेतली.

29 जून

मामींच्या सांगण्यावरून माटुंग्याला म्हैसूर कन्सर्न्समध्ये जाऊन कॉफी दळून आणली. दुकानाच्या अलीकडच्या कोपऱ्यापासूनच वास येतो, पत्ता विचारावा लागत नाही. ठरवायच्या गोष्टी तीन: बिया कुठल्या, चिकोरी किती, दळण कसं.

प्लँटेशन म्हणजे धुऊन प्रक्रिया केलेली अरेबिका, चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली. पीबेरी म्हणजे ज्या फळात दोनऐवजी एकच गोल बी धरतं ते वेचून वेगळं काढलेलं. आम्ही निम्मी पीबेरी, निम्मी प्लँटेशन घेतली.

चिकोरी ही कॉफीची भेसळ नव्हे, ती एका झाडाची भाजलेली मुळी, आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते. तिच्यात कॅफिन नाही. ती पाणी धरून ठेवते, म्हणून डिकॉक्शन हळू आणि दाट उतरतं, दुधात रंग टिकतो. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. बाजारातली पाकिटं उलटून वाचली की कळतं, आपण कॉफी म्हणून किती मुळी पितो. आम्ही 80-20 घेतली. बायकोला 70-30 ची सवय होती, पहिल्या दिवशी 'पातळ आहे' म्हणाली, तिसऱ्या दिवशी काही म्हणाली नाही. आमच्या घरात याला मंजुरी समजतात.

एका वेळी पाव किलोच. कॉफीचे भाव चढलेत म्हणून जास्त भरून ठेवायचा मोह झाला होता, पण दळलेल्या कॉफीचा वास पंधरवड्यात उतरतो आणि हा तर पावसाळा.

6 जुलै

आषाढी एकादशी. उपासाला चहा-कॉफी दोन्ही चालतात, त्यामुळे प्रकल्पाला सुट्टी नाही. उलट सगळ्यांना दुसरा कप. साबुदाण्याला एक बर्नर गेलाच.

13 जुलै

दमट हवा. कॉफीच्या डब्यात खडे झाले, कारण ओला चमचा. डबा आता घट्ट झाकणाचा आणि चमचा त्यातच राहणारा. चहाचा डबा ओट्यावरून, शेगडीच्या वाफेपासून, वरच्या फळीवर.

कुंडीतला गवती चहा मात्र तरारून आलाय. याची पाती कात्रीने बारीक कापून टाकायची की गाठ मारून, किती वेळ उकळायची यावर मतं आहेत. लिंबासारखा वास ज्यामुळे येतो ते सिट्रल उडून जाणारं आहे, तेव्हा फार शिजवण्यात अर्थ नाही. आधणात दोन मिनिटं, तेही झाकून. पारशी लोक यात पुदिना घालतात आणि ते जमून येतं. आईने एक घोट घेतला, म्हणाली, "चटणी आठवते." पुदिना रद्द.

20 जुलै

मुलीचा अहवाल. मैत्रिणीकडून तिने मोका पॉट आणि फ्रेंच प्रेस आठवडाभरासाठी आणले होते. मोका पॉट ही 1933 ची इटालियन कल्पना: खालचं पाणी तापून वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढतं. कॉफी कडक आणि झटपट, पण बर्नर अडवते, वर आमच्या शेगडीच्या जाळीवर ते एवढंसं भांडं नीट बसत नाही. नापास. फ्रेंच प्रेसला बर्नर लागत नाही, पूड गरम पाण्यात भिजवायची, चार मिनिटं आणि जाळीचा दांडा खाली. पण तळाला गाळ राहतो आणि दूध घातल्यावर कॉफी पाणचट लागते. ती पद्धत दुधाविना पिणाऱ्यांची.

इन्स्टंट कॉफी-साखर थेंबभर पाण्यात फेटून फेस करायची आणि वर गरम दूध ओतायचं, ही तिची जुनी आवड. तिचं म्हणणं, याला बर्नर लागत नाही, बायकोच्या कॉफीचं दूधच दोन घोट जास्त तापवायचं. बरोबर आहे. मंजूर. फेटायचं काम स्वतः करायचं आणि चमच्याचा आवाज सहाच्या आधी करायचा नाही, या दोन अटींवर.

10 ऑगस्ट

सध्या चाललंय ते असं. पहिला उठेल तो विजेची किटली लावतो. किटलीचं पाणी फिल्टरमध्ये. बर्नरवर आल्याचं आधण, त्यातून आईची किटली, मग माझा चहा, तो झाकला की त्याच बर्नरवर दूध, ते बायको-मुलीला. आईचं वरून घालायचं दूधही त्यातलंच. दूध फुल क्रीम, 6 टक्के स्निग्धांशाचं. 3 टक्क्यांच्या टोन्डमध्ये कॉफी बसत नाही, चहा बसतो. पण दोन पिशव्या फोडायच्या नाहीत असं ठरलंय.

बहुतेक दिवशी सहा पंचवीसला चारही कप होतात. जमत नाही ते सोमवारी, कारण आता श्रावण लागलाय आणि उपासाच्या खिचडीचं पातेलं मध्येच घुसतं. त्यावर उपाय शोधायचा माझा विचार नाही.

24 ऑगस्ट

गणपती बुधवारी. पुढच्या सोमवारी गौरीपूजन आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येतील, त्यांना जायफळाची कॉफी. ही आमच्याकडची खरी जुनी कॉफी, लग्नाकार्यातली: दुधात कॉफी, साखर, वेलदोडा, जायफळ. मामी म्हणतात ही कॉफी नव्हे, पायसम आहे. येणार मात्र आहेत.

यंदा पाण्याऐवजी डिकॉक्शन वापरून करायची ठरवली. आज चार कपांची रंगीत तालीम केली. अर्धा लिटर दूध साखर घालून उकळून थोडं आटवलं, गॅस बंद केला, मग डिकॉक्शन, शेवटी जायफळ किसून लगेच झाकण. दुधाबरोबर जायफळ उकळलं की वास जातो आणि कडवट चव मागे राहते, हे दुसऱ्या पातेल्यात करून पाहिलं. चार कपांना जायफळाच्या किसणीचे सात-आठ हात पुरे. जास्त झालं तर पाहुण्या आरतीलाच पेंगतील. जायफळ कोकणातलं, काकांनी पाठवलेलं, अजून टरफलात आहे.

मोठ्या पातेल्यासाठी हिशेब: दर लिटर दुधाला छोटा पेलाभर डिकॉक्शन. एवढं आमच्या फिल्टरमध्ये एका वेळी उतरत नाही. मामींचा पितळी मोठा फिल्टर शनिवारी आणायचा, भोकं आधी उजेडाकडे धरून बघायची.